कोकणात राहून भरतनाट्यमचे एम.ए. : पहिल्या वर्षानंतरचा अभिप्राय

2024च्या जुलैत, वयाच्या 38व्या वर्षी, मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भरतनाट्यमच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. अभ्यासक्रम नवा, आमची तुकडी पहिली आणि विद्यार्थिनी अवघ्या सात. आता पहिल्या वर्षाची दोन्ही सत्रे संपली आहेत, निकाल हाती आला आहे आणि प्रवेशाचे दिवस जवळ आल्यामुळे गुहागर, देवरुख, राजापूर अशा ठिकाणच्या नृत्यशिक्षिकांचे आणि त्यांच्या विद्यार्थिनींचे फोन मला येऊ लागले आहेत. प्रत्येकीला तेच तेच तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हा अभिप्राय. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवा स्पष्टपणे मांडायच्या आहेत आणि त्यांतील बहुतेक नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या आहेत; त्या संस्थेच्या नावाला कायमच्या चिकटाव्यात असे मला वाटत नाही. ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे, त्यांना शोध घेण्यास वेळ लागणार नाही.

माझ्याविषयी थोडे सांगते, म्हणजे अभिप्राय कोणत्या बाजूने लिहिला आहे ते कळेल. मी बी.कॉम. आहे, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा उत्तीर्ण झाले आहे आणि गेली 14 वर्षे चिपळुणात भरतनाट्यमचा वर्ग चालवते. विशारदनंतर अलंकार (मंडळाचीच पुढची परीक्षा) करावे की एम.ए., हा प्रश्न माझ्यासारख्या अनेकींपुढे असतो आणि दोन्ही एकच आहेत असा समजही आपल्याकडे बराच आहे. मंडळाच्या परीक्षेची तयारी आपण आपल्या गुरूंकडे, आपल्या सोयीने करतो आणि परीक्षेपुरते केंद्रावर जातो, एम.ए.मध्ये दोन वर्षे रोज वर्गात उभे राहावे लागते. त्यासाठी आजवर आमच्याकडच्या मुली मुंबईला किंवा पुण्याला जात आल्या आहेत. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी उभे केलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, पुण्यात विद्यापीठाचे 1987 साली सुरू झालेले आणि गुरुकुल पद्धतीवर भर देणारे ललित कला केंद्र आहे, आणि या दोन्ही ठिकाणी शिकून आलेल्यांचे काम मी जवळून पाहिले आहे. परंतु जिचा वर्ग, घर आणि सातवीतला मुलगा चिपळुणात आहे, तिने दोन वर्षे पुण्यात जाऊन राहायचे म्हणजे उभा केलेला वर्ग मोडण्यासारखेच होते. हा अभ्यासक्रम सुरू झाल्याचे कळले, तेव्हा मी पत्रक दोनदा वाचले आणि त्याच आठवड्यात अर्ज भरला.

प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, मात्र प्रात्यक्षिक परीक्षा कसून घेतात. मला वर्णमचा (शुद्ध नृत्य आणि अभिनय दोन्ही असलेल्या दीर्घ रचनेचा) पूर्वार्ध आणि एक पदम (संथ, अभिनयप्रधान रचना) करायला सांगितले, त्यानंतर खंडचापूचा, म्हणजे पाच मात्रांचा, ताल हातावर धरून एक जती (तालात बांधलेले बोल) म्हणायला लावली. जतीत मी एकदा घसरले. परीक्षकांनी थांबवले नाही. मी समेवर कशी परत येते हे त्या शांतपणे पाहत राहिल्या आणि नंतर त्याबद्दलच दोन प्रश्न विचारले. पाठांतर किती आहे यापेक्षा चुकल्यावर लय कशी सावरता, हे पाहणारी परीक्षा मी प्रथमच दिली. अभ्यासक्रमाची रचना नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आहे : चार सत्रे, प्रत्येक सत्रात 22 श्रेयांक, एकूण 88; ज्यांना एका वर्षानंतर थांबायचे असेल त्यांना 44 श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. पहिल्या वर्षी नृत्याची प्रात्यक्षिके, नट्टुवांगम (टाळ वाजवत आणि बोल म्हणत नृत्याला ताल देणे), कर्नाटक संगीताची ओळख, नाट्यशास्त्र व अभिनयदर्पण हे ग्रंथ, संशोधनपद्धती आणि दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असे विषय होते.

पहिल्या आठवड्यात आम्हाला नवीन काही शिकवले गेले नाही. विभागात नृत्य शिकवणाऱ्या ताईंनी सातही जणींना ओळीत उभे केले आणि तट्टअडवू घ्यायला सांगितले. पहिला, दुसरा आणि तिसरा काळ, म्हणजे दर वेळी दुप्पट होणारी लय, पुन्हा पहिला, असे तासभर. अडवू म्हणजे नृत्याच्या मूलभूत हालचाली आणि त्यांतला पाय आपटण्याचा तट्टअडवू हा भरतनाट्यमचा श्रीगणेशा आहे. सात वर्षांची मुलगी वर्गात आली की पहिल्या दिवशी हेच करते. आमच्यातील दोघींचे अरंगेत्रम (पहिले जाहीर एकल सादरीकरण) झालेले, तिघींचे स्वतःचे वर्ग, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांच्याच मनात थोडी नाराजी होती. दुसऱ्या दिवशी ताईंनी एकेकीचे मोबाइलवर चित्रीकरण केले, समोरून आणि बाजूने, आणि तिसऱ्या दिवशी ते भिंतीवर मोठे करून दाखवले. माझ्या चित्रीकरणात मला जे दिसले ते मी विसरू शकत नाही. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर उघडून अर्धे बसण्याच्या स्थितीत, माझी मांडी खाली जात होती, पाठ ताठ होती, हात जागेवर होते. पण दुसऱ्या काळापासून पुढे दोन्ही गुडघे हळूहळू आत येत होते. पावले बाहेरच्या दिशेला आणि गुडघे त्यांच्या आत, म्हणजे प्रत्येक आघाताचा पीळ थेट गुडघ्याच्या सांध्यावर. ताई एवढेच म्हणाल्या, ‘‘पाय पावलातून उघडता आहात, तो कमरेच्या सांध्यातून उघडायचा असतो. इतकी वर्षे गुडघ्याने सहन केले, आता त्याला विश्रांती द्या.’’

चूक कशी शिरली हे मला लगेच समजले. वर्गात शिकवताना आपण मुलींसमोर पूर्ण बसून अडवू करतोच असे नाही. बहुतेक वेळ बसून मणैवर (लाकडी ठोकळ्यावर) तट्टकळी (ताल देण्याची काठी) वाजवतो, बोल म्हणतो, मध्येच उठून अर्धवट उभ्याने एखादी हालचाल दाखवतो. 14 वर्षे हे असेच चालले होते. त्या शनिवारी मी चिपळूणला आले, मोठ्या मुलींचा वर्ग लावला आणि ताईंप्रमाणेच बाजूने चित्रीकरण केले. अकरा मुली होत्या आणि अकराही जणींचे गुडघे दुसऱ्या काळात आत येत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. या अभ्यासक्रमाने मला काय दिले, असे कोणी विचारले तर मी पहिल्यांदा हाच प्रसंग सांगते. ज्या बाई स्वतःचा वर्ग चालवतात आणि ज्यांच्या चुका सुधारणारे कोणी उरलेले नाही, त्यांच्यासाठी केवळ या एका गोष्टीसाठी पहिले सत्र करावे असे आहे. पुढचे तीन महिने ताईंनी कमरेचे आणि पोटाचे व्यायाम करून घेतले व अडवू पुन्हा पहिल्यापासून बसवले. डिसेंबरात माझे गुडघे दुखायचे थांबले. ते दुखतात हे मी तोवर वयावर घालत होते.

शास्त्राचा भाग मला कठीण जाईल अशी भीती होती, कारण संस्कृत शाळेत दहावीला सुटले ते सुटलेच. नाट्यशास्त्र शिकवायला महाविद्यालयातीलच संस्कृत विभागाचे सर दर बुधवारी दोन तास येतात आणि माझ्या मते पहिल्या वर्षातील ही सर्वांत सुंदर व्याख्याने होती. सहाव्या अध्यायातील रससूत्र समजावताना भरतमुनींनी स्वतःच स्वयंपाकाचा दृष्टान्त दिला आहे : निरनिराळी द्रव्ये, औषधी आणि व्यंजने यांच्या संयोगातून जसा रस तयार होतो, तसाच विभाव (भावाचे कारण), अनुभाव (त्याचा बाहेर दिसणारा परिणाम) आणि व्यभिचारी (येऊन-जाऊन असणारे) भाव यांच्या संयोगातून नाट्यातला रस. सरांनी तो दृष्टान्त सोलकढीवर आणला. कोकमाचे आगळ वेगळे चाखले तर आंबट, नारळाचे दूध गोडसर, लसूण आणि मिरची तिखट. पण वाटीत आलेली सोलकढी या चारांपैकी एकासारखीही लागत नाही आणि तरी चारही तिच्यात असतात. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला विचारले की, तुम्ही मुलींना करुण रस शिकवता तेव्हा वाटीत काय काय घालता. आम्ही गप्प बसलो, कारण आपण सगळ्या जणी करुण रस म्हणजे भुवया कशा उचलायच्या आणि ओठ कसे खाली ओढायचे, एवढेच शिकवत आलो होतो. आठ स्थायी, 33 व्यभिचारी आणि आठ सात्त्विक भाव ही यादी मी विशारदला पाठ केली होती आणि पेपरात बिनचूक लिहिली होती. तिचा माझ्या पदमशी काही संबंध आहे, हे या वर्गात कळले. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येतात, हेही येथे नोंदवते. मात्र संदर्भग्रंथ बहुतांश इंग्रजीत आहेत, ग्रंथालयात ते एकेका प्रतीत आहेत आणि परीक्षेच्या तोंडावर त्या एका प्रतीसाठी सात जणींची ओढाताण होते.

दुसऱ्या सत्रात आम्ही ज्यावर काम केले, त्याविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते. भरतनाट्यमची आज सर्वत्र केली जाणारी, कार्यक्रमातील रचनांच्या क्रमाची म्हणजे मार्गम्‌ची मांडणी तंजावरच्या चौघा बंधूंनी, म्हणजे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी घडवली, हे आपण सगळेच शिकतो. हे बंधू ज्या दरबारात होते तो सरफोजीराजे दुसरे यांचा, मराठी राजाचा दरबार होता, हेही वाचलेले असते. 1676 साली व्यंकोजीराजांपासून सुरू झालेली भोसल्यांची ती गादी 1855पर्यंत टिकली. परंतु त्या दरबारात नृत्यासाठी मराठीत रचना झाल्या आणि त्या आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, याचा विचार मी कधी केला नव्हता. सरफोजीराजांच्या या रचनांना निरूपण म्हणतात. एकच कथा, एकच राग, एकच ताल आणि त्यात जयजय, शरणुशरणु, अलारू, शोल्लु, शब्द, वर्ण येथपासून मंगळापर्यंत एकापाठोपाठ एक 18 नृत्यप्रकार, अशी तिची बांधणी. मूळचे कोकणातले असलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी या मराठी रचनांचा अभ्यास करून त्या नृत्यात पुन्हा उभ्या केल्या, आणि त्यांच्या कामाची ओळख आम्हाला करून देण्यात आली तेव्हा आपल्या भागाशी या नृत्याचे नाते किती जवळचे आहे हे जाणवून मला फार समाधान वाटले.

निरूपणातील वर्णाचा काही भाग आम्ही बसवला. आजवर मी तेलुगू आणि तमिळ पदांवर अभिनय केला आहे. वहीत प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने त्याचा मराठी अर्थ लिहायचा, तो घोकायचा आणि त्या त्या शब्दावर तो तो हस्त (हाताची मुद्रा) आणायचा, ही आमची रीत. मराठी शब्द कानावर पडले तेव्हा आता हे किती सोपे जाईल असे वाटले आणि प्रत्यक्षात उलटेच झाले. ओळ गाऊन पूर्ण होण्याआधीच माझा चेहरा पुढे गेलेला असे, कारण वाक्य कुठे जाणार हे मला आधीच कळत होते. आणि हात प्रत्येक शब्दाचे भाषांतर करत सुटत, जणू समोरच्याला मराठी येतच नाही. ताईंनी तीन-चार वेळा पाहिले आणि सांगितले की, समोर बसलेल्या बाईला हा शब्द तुमच्या हाताआधी कळला आहे, तेव्हा तो तिला पुन्हा सांगू नका, त्या शब्दाने नायिकेच्या मनात काय झाले ते सांगा. मग त्यांनी एका ओळीतले हस्त एकेक करून काढून टाकायला लावले. शेवटी ओळीत एकच हस्त उरला आणि बाकी सगळे डोळ्यांनी व श्वासाने करायचे होते. त्या एका ओळीला आम्हाला नऊ दिवस लागले. प्रेक्षकांना समजणाऱ्या भाषेत अभिनय करणे म्हणजे काय, हा प्रश्न मुंबई-पुण्यातही विचारला जात असेलच, पण आम्हाला तो इथे, मराठी रचनेसमोर उभे राहून पडला आणि त्यासाठी मी या विभागाची ऋणी आहे.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव जमिनीची आहे. नृत्यकक्षात फरशीवर लाकडी रिपा मारून त्यांवर प्लायचे तक्ते बसवले आहेत, म्हणजे कल्पना योग्य आहे; भरतनाट्यममध्ये पाय इतक्या वेळा जोराने जमिनीवर पडतो की फरशीवर रोज दोन-तीन तास नाचणाऱ्या मुलीच्या नडग्या आणि गुडघे फार काळ साथ देत नाहीत. परंतु हे काम करताना कोकणातल्या पावसाचा विचार झाला नाही. तक्ते एकमेकांना आणि भिंतीला घट्ट भिडवून बसवले होते, खाली हवा खेळायला वाट ठेवली नव्हती, आणि इमारत जांभ्याची असल्याने जमिनीची ओल कायमच वर येते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तक्ते फुगले आणि दोन सांधे रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतके वर आले. नाट्टअडवूत पाय लांब टाकून टाच टेकताना माझ्या एका मैत्रिणीचा अंगठा त्या सांध्यात अडकला आणि नख उखडले. आम्ही लेखी अर्ज दिला. सुतार येऊन सांधे तासून, कडेने फट ठेवून काम पूर्ण व्हायला सात आठवडे लागले आणि तेवढे दिवस आम्ही एका तासिकेच्या खोलीत, बाक भिंतीला लावून, फरशीवर सराव केला. त्या सात आठवड्यांत सातांपैकी चौघींच्या नडग्या दुखू लागल्या. चिपळुणात 22 जुलै 2021च्या पुरात माझ्या वर्गाची तळमजल्यावरची जागा पाण्याखाली गेल्यापासून मीही वरच्या मजल्यावर फरशीवरच शिकवते, त्यामुळे जागेची अडचण मला समजत नाही असे नाही. परंतु पदव्युत्तर विभाग उघडताना जमीन ही पुस्तकांइतकीच आवश्यक गोष्ट आहे आणि तिची दुरुस्ती सात आठवडे थांबू नये. येणाऱ्या मुलींना एक व्यावहारिक सूचना याच ओघात करते : चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेले चाळ पावसाळ्यात वापरू नका, आठ दिवसांत पट्ट्यावर बुरशी येते, घुंगरू सुती दोरीत ओवून घ्या आणि घरी गेल्यावर मोकळ्या हवेत टांगा.

दुसरी उणीव साथसंगतीची आहे आणि ती दूर करणे अधिक अवघड आहे. तबला, पखवाज, पेटी यांची कोकणात कमतरता नाही, पण मृदंगम वाजवणारा आणि कर्नाटक पद्धतीने गाणारा कलाकार आमच्या परिसरात रोजच्या सरावासाठी मिळत नाही. त्यामुळे नट्टुवांगम ताई स्वतः करतात आणि गाण्याला ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणावर नृत्त (अभिनयाविना शुद्ध नृत्य) बसते, तीरमानमही (त्याचा तालबद्ध शेवट) नेमके बसते; हानी होते ती अभिनयाची. संचारीत, म्हणजे एका ओळीचा अभिनयाने विस्तार करताना, गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा वेगळ्या वळणाने गातो, नर्तकीचे लक्ष तिच्यातील एखाद्या सुरावर जाते आणि तिथून तिला नवी कल्पना सुचते. गायकही तिच्याकडे पाहून ओळ लांबवतो. मुद्रित गाणे मात्र चार वेळा म्हणजे चारच वेळा फिरते. वर्षभरात वादक-गायक मुंबईहून दोनदा आले, प्रत्येकी तीन दिवस, आणि त्या सहा दिवसांत मी जितके शिकले तितके कित्येक आठवड्यांत शिकले नव्हते. विभागाने निदान गायिकेची महिन्यातून एकदा सोय करावी, फी थोडी वाढली तरी चालेल, असे आम्ही सातही जणींनी लिहून दिले आहे.

दुसऱ्या सत्रातील प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी बहुतेकींनी शाळांमध्ये नृत्य शिकवले. मी आणि देवगडची माझी एक मैत्रीण, आम्ही दोघींनी सिंधुदुर्गातील एका दशावतारी मंडळाबरोबर जाण्याची परवानगी मागितली आणि ताईंनी ती आनंदाने दिली. जानेवारी-फेब्रुवारीत कुडाळ आणि वेंगुर्ले भागातील जत्रांमध्ये आम्ही रात्ररात्र बसलो. लिखित संहिता नाही, तालीम नाही. संध्याकाळी मंडळाचे प्रमुख आख्यान ठरवतात, कोण कोणते पात्र करणार ते सांगतात आणि प्रत्येक नट छोट्या आरशासमोर बसून आपली रंगरंगोटी आपणच करतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर अशी पूर्वरंगाची पात्रे येऊन गेली की आख्यान सुरू होते आणि पहाटे दहीकाल्याने सांगता होते. स्त्रीपार्ट करणारे एक वयस्कर कलाकार पदर सावरून रंगमंचावर आले, पायपेटीचा सूर आणि मृदंगाचा ठेका सुरू होताच त्यांनी चार पावले टाकली आणि त्या चार पावलांत ही राणी आहे, दासी नव्हे, हे मागे बसलेल्या माणसालाही कळले. त्यांच्या पावलांचे आम्ही वहीत टिपण केले, नंतर ते करून पाहिले, आणि भार आधी टाचेवर घेऊन मग चवड्यावर सोडण्याची त्यांची पद्धत आमच्या अंगात अजूनही नीट बसलेली नाही.

येथे विभागाला नव्हे, तर कागदपत्रांच्या पद्धतीला दोष द्यावा लागतो. अनुभवाच्या अहवालासोबत जो छापील तक्ता भरायचा होता, त्यात कामावर येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि आस्थापनेचा शिक्का असे रकाने होते. रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ त्यात बसेना आणि मंडळाच्या प्रमुखांकडे शिक्का नव्हता. त्यांनी साध्या कागदावर स्वतःच्या हाताने दोन पाने लिहून दिली, आम्ही कोणत्या रात्री कोणत्या जत्रेला होतो आणि काय विचारत होतो ते सगळे. कार्यालयाने ते कागद दोनदा परत पाठवले. शेवटी ताईंनी प्राचार्यांना भेटून ते मान्य करून घेतले. कोकणात नृत्याचा पदव्युत्तर विभाग चालवायचा तर इथल्या कलावंताच्या हस्ताक्षराला किंमत असायला हवी, असे मला मनापासून वाटते. याच संदर्भात आणखी एक तक्रार आहे. लोकनृत्यांच्या घटकात जाखडी आणि नमन यांना मिळून चार तासिका आहेत. ज्या जिल्ह्यात गणपतीत वाडीवाडीवर फेर धरून जाखडी नाचतात, शिमग्यात नमनाचे खेळे गावोगाव फिरतात, आणि आमच्यातील तिघींचे वडील किंवा काका स्वतः त्यांत नाचलेले आहेत, तिथे चार तासिकांत हा विषय उरकणे योग्य नाही. दुसऱ्या वर्षी वैकल्पिक विषय म्हणून तो स्वतंत्र द्यावा.

प्रवास आणि राहण्याचे थोडक्यात सांगते. महामार्गाचे काम आणि पावसाळ्यातले रेल्वेचे वेळापत्रक यांमुळे चिपळूणहून रोज जाऊन-येऊन करणे शक्य नाही; मी महिनाभर प्रयत्न केला, सावर्डे-संगमेश्वर-हातखंबा असा एसटीने, महिलांच्या अर्ध्या तिकिटावर, आणि सराव व प्रवास दोन्ही शरीराला झेपेनात. वसतिगृहाचे दार संध्याकाळी सातला बंद होते आणि आमचा सराव आठपर्यंत चालतो, म्हणून तिघींनी मिळून खोली घेतली. आठवड्यातले पाच दिवस तिथे आणि शनिवार-रविवार चिपळुणात वर्ग, असे माझे वर्ष गेले. घरच्यांनी, विशेषतः सासूबाईंनी, मुलाचे सगळे सांभाळले नसते तर ते जमले नसते. 75 टक्के उपस्थितीचा नियम काटेकोर पाळला जातो, त्यामुळे ज्यांना नोकरी सांभाळून करायचे आहे त्यांनी आधी याचा विचार करावा.

फी परवडण्यासारखी आहे. खरा खर्च खोलीभाडे आणि चौथ्या सत्रातील अंतिम सादरीकरणासाठी लागणाऱ्या वाद्यवृंदाचा आहे, जो विद्यार्थिनींनी वाटून घ्यायचा असतो. पुढे महाविद्यालयात शिकवायचे असेल तर नेट परीक्षेला बसण्यासाठी एम.ए.ला खुल्या गटात 55 टक्के गुण लागतात, हे लक्षात ठेवून पहिल्या सत्रापासून लेखी विषयांकडे दुर्लक्ष करू नये. जिला सतत रंगमंच हवा आहे, मोठ्या कलाकारांचे कार्यक्रम पाहायचे आहेत, रोज सजीव संगीतावर नाचायचे आहे आणि जिचे वय बाविशीचे आहे, तिला मी आजही मुंबई किंवा पुणे सुचवेन. जी कोकणातल्या एखाद्या गावात शिकवते आणि पुढेही तिथेच शिकवणार आहे, तिने येथे यावे. जमिनीची आणि गाण्याची चौकशी मात्र प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन करावी. यंदा पावसाच्या आधी तक्त्यांखाली हवा खेळायला वाट करून घेतली आहे, हे मी मेअखेरीस प्रत्यक्ष पाहून आले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या मोठ्या मुलींचा वर्ग रोज घेतला. वर्षभर शनिवार-रविवारी त्यांचे तट्टअडवू पुन्हा पहिल्यापासून बसवणे चालूच होते. दोघींच्या आयांनी, मुलगी अजून पहिल्याच धड्यावर कशी, असे विचारले, तेव्हा मी त्यांना जुने चित्रीकरण दाखवले आणि आधी मी चुकत होते हे सांगितले. 28 मे रोजी पुन्हा बाजूने चित्रीकरण केले. तिसऱ्या काळापर्यंत नऊ जणींचे गुडघे बाहेर उघडलेले राहिले. उरलेल्या दोघींना मी रोज अर्धा तास आधी बोलावते.